ब्रंचच्या आधीचे तास

न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच मार्केटमधले खाटीक सूर्य उगवायच्या बरेच आधी कामाला लागत. लुइझियानाचा उकाडा असा, की मांस उन्हं चढायच्या आत कापून, विकून मोकळं व्हावं लागे. पहाटे कॉफीचा घोट आणि पावाचा तुकडा पोटात टाकून सुरू झालेला त्यांचा दिवस दहा-साडेदहाला जवळपास संपलेला असायचा. तोवर पोटात आग पडलेली असे. बाजारासमोरच्या रस्त्यावर बव्हेरियातून आलेल्या एलिझाबेथ केटनरिंग आपल्या नवऱ्यासोबत कॉफीचं दुकान चालवत. त्यांनी या मंडळींची भूक ओळखली आणि सकाळी अकराला एक पंगत बसवायला सुरुवात केली. आमलेट, कांद्यासोबत परतलेली वासराची कलेजी, बटाटे, पाव, वाइन, शेवटी कॉफी. एकामागून एक पदार्थ येत राहायचे आणि जेवण दोन-तीन तास सहज चालायचं. पहिला नवरा वारल्यावर त्यांनी हिपोलीत बेगे यांच्याशी लग्न केलं आणि त्या मादाम बेगे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १८८४ साली शहरात कापसाचं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, देशभरातून पाहुणे आले आणि खाटकांच्या बाकांवर श्रीमंत प्रवासी दाटीवाटीने बसू लागले. १९०६ साली मादाम बेगे गेल्या तेव्हा त्यांची ‘दुसरी न्याहारी’ अमेरिकाभर ठाऊक झालेली होती.

त्याच सुमारास इंग्लंडात गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने १८९५ साली ‘हंटर्स वीकली’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. शनिवारी रात्री उशिरापर्यंत मजा करणाऱ्यांनी रविवारी लवकर का उठावं, चर्चमधून आल्यावर ते जड जेवण का जेवावं, त्यापेक्षा न्याहारी आणि दुपारचं जेवण एकत्र करून उशिरा, हलकंफुलकं, गप्पा मारत खावं, असं त्याचं म्हणणं. ब्रंच हे नाव छापील स्वरूपात बहुधा इथेच पहिल्यांदा आलं.

म्हणजे या जेवणाची दोन घराणी आहेत. एक पहाटेपासून राबलेल्यांचं, दुसरं उशिरापर्यंत झोपलेल्यांचं. आज अमेरिकेतल्या कुठल्याही गल्लीतल्या ब्रंचच्या जागी गेलात, तर ही दोन्ही घराणी एकाच छपराखाली सापडतात. उशिरा उठलेले बाहेरच्या टेबलांवर बसलेले असतात आणि पहाटे उठलेले भिंतीपलीकडे, चुलीपाशी उभे असतात. अशा जागेच्या पाटीवर ‘सगळं इथेच, पहिल्यापासून बनवलेलं’ असं लिहिलेलं असलं, तर ते वाक्य या पहाटे उठलेल्यांच्या घड्याळाबद्दल आहे.

आपल्याकडे ब्रंच पोचलं ते पंचतारांकित हॉटेलांच्या रविवारच्या बुफेतून. लांबच लांब टेबलं, बर्फात कोरलेला हंस, कोपऱ्यात पियानो. त्यामुळे हा श्रीमंतांचा खेळ असल्याची समजूत पक्की झाली. त्याच्या मूळच्या मुलखात मात्र ब्रंचचं खरं घर म्हणजे तीस-पस्तीस खुर्च्यांची, रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातली क्लिंटन स्ट्रीट बेकिंग कंपनी हे त्याचं चांगलं उदाहरण. नील क्लाइनबर्ग आणि डीडी लाहमन या दांपत्याची ही जागा २००१ साली सुरू झाली. मुळात बेकरी, म्हणजे दुसऱ्यांना बिस्किटं आणि मफिन पुरवायचा धंदा. मग चार टेबलं टाकली गेली, ब्लूबेरी घातलेल्या पॅनकेकची ख्याती झाली आणि शनिवार-रविवारी रस्त्यावर रांग लागू लागली. तिथलं बिस्किट आणि तिथला पॅनकेक समजून घेतला, की ‘पहिल्यापासून बनवणं’ म्हणजे काय हे बरंचसं उलगडतं.

अमेरिकी बिस्किट म्हणजे आपण चहात बुडवतो ते नाही. तो हाताच्या पंजात मावेल असा, वरून खरपूस आणि आतून पापुद्र्यांचा मऊ गोल पाव असतो. लोणी, मुरंबा किंवा रस्सा लावून तो गरमच खातात. त्यात घटक अगदी मोजके असतात. मैदा, मीठ, थोडी साखर, बेकिंग पावडर, सोडा, थंडगार लोणी आणि ताक. इतक्या कमी सामानात बनणारा पदार्थ बिघडायला मात्र पाचशे वाटा आहेत. लोणी फ्रिजमधून काढून वाटाण्याएवढे तुकडे होईस्तो मैद्यात बोटांनी चुरायचं, पण वितळू द्यायचं नाही. कारण त्या तुकड्यांत सहाव्या हिश्शाइतकं पाणी असतं. सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या भट्टीत ते पाणी एकदम वाफ होतं, पिठाचे थर अलग करतं आणि मागे वितळलेल्या लोण्याची पोकळी ठेवून जातं. पापुद्रा म्हणजे ती पोकळी. लोणी आधीच वितळून पिठात मुरलं, तर वाफ बनायला वेगळी जागाच उरत नाही आणि बिस्किट दगडासारखं बसतं. दुसरीकडे ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो पिठाला वर ढकलतो. सोडा जास्त पडला तर चव साबणासारखी लागते, कमी पडला तर बिस्किट बसकं आणि आंबट राहतं.

पीठही महत्त्वाचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे मऊ हिवाळी गहू पिकतो. त्याच्या मैद्यात प्रथिनं आठ-नऊ टक्केच असतात, पावाच्या कडक गव्हात ती बारा-तेरा टक्क्यांपर्यंत जातात. प्रथिनं कमी म्हणजे ग्लुटेनची जाळी विरळ आणि घास मऊ. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल इथे १८८३ साली सुरू झालेली ‘व्हाइट लिली’ ही मैद्याची छाप दक्षिणेतल्या घराघरांत याच एका गुणामुळे रुजली. दक्षिणेतून उत्तरेत स्थायिक झालेल्या बायकांची तक्रार असे की इथल्या पिठाचं बिस्किट आईच्या हातचं होत नाही. तक्रार खरी होती आणि दोष त्यांच्या हाताचा नव्हता, गव्हाचा होता.

आणि वेळ. पीठ मळून झालं की सोड्याची क्रिया सुरू झालेली असते, ते फार वेळ पडून राहिलेलं चालत नाही. भाजलेलं बिस्किट तासाभरात आपला अर्धा गुण गमावतं. त्यामुळे पहाटे एकदाच ढीगभर भाजून ठेवणं शक्य नसतं. चांगल्या जागी सकाळभर थोडी थोडी करून भट्टीत जातात आणि एखादी खेप संपली तर गिऱ्हाइकाला थांबावं लागतं. हे थांबणं ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी दुसरी सोय बाजारात आहेच, तिच्याकडे येऊच.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय या बिस्किटाबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं. बेकिंग पावडर यायच्या आधी दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या घरी ‘बडवलेलं बिस्किट’ होत असे. खमिराशिवाय हवा पिठात कोंडायचा तो उपाय होता. पीठ लाकडी ओंडक्यावर ठेवून मुसळासारख्या दांडक्याने अर्धा-अर्धा तास बडवायचं, पाहुणे असले तर आणखी जास्त वेळ. हे बडवणारे हात गुलाम कृष्णवर्णीय बायकांचे होते. दक्षिणेच्या आतिथ्याचं जे गुणगान पुस्तकांतून वाचायला मिळतं, त्याच्या तळाशी तो आवाज आहे. पुढे रसायनशास्त्राने ही मेहनत वाचवली. १८४३ साली इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर बनवली ती बायकोला यीस्ट सोसत नसे म्हणून. १८५०च्या दशकात हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी फॉस्फेटवर आधारलेली, साठवायला सोपी पावडर शोधली. ओंडका आणि दांडकं अडगळीत गेलं. ही मला खरी प्रगती वाटते. ‘पहिल्यापासून बनवणं’ म्हणजे सगळं जुन्या पद्धतीने करणं, असा अर्थ काढणाऱ्यांनी ती बडवणारी बाई आठवावी.

पुढचं पाऊल वेगळ्या दिशेने पडलं. १८८९ साली मिझूरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावात पर्ल मिलिंग कंपनीच्या मालकांनी पॅनकेकचं तयार पीठ विकायला काढलं. पीठ, सोडा, मीठ सगळं आधीच मिसळलेलं. त्याला ‘आंट जेमायमा’ हे नाव आणि डोक्याला फडकं बांधलेल्या हसऱ्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीचं चित्र दिलं गेलं. धंदा विकला गेल्यावर नवीन मालकांनी नॅन्सी ग्रीन यांना त्या भूमिकेत उभं केलं. केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेल्या ग्रीन बाईंनी १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर उभं राहून पॅनकेक भाजले आणि पीठ तुफान खपलं. १९२३ साली त्या वारल्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०२० साल उजाडलं. २०२१ साली कंपनीने जुनं नाव आणि चित्र काढून टाकलं आणि पिठाचं नाव पुन्हा पर्ल मिलिंग कंपनी ठेवलं. जिच्या श्रमाची किंमत कुणी कधी दिली नाही, तिचाच चेहरा लावून ‘आता श्रम नकोत’ असं सांगणारं पहिलं पाकीट विकलं गेलं. तयार पिठाच्या इतिहासात याहून बोलकी गोष्ट नाही.

१९३०मध्ये जनरल मिल्स कंपनीचे कार्ल स्मिथ आगगाडीने सॅन फ्रान्सिस्कोला चालले होते. रात्री उशिरा डब्यातल्या आचाऱ्याने त्यांना काही मिनिटांत गरम बिस्किटं आणून दिली. चौकशी केल्यावर कळलं की पीठ, चरबी, बेकिंग पावडर आणि मीठ त्याने आधीच मिसळून बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी ‘बिस्क्विक’ बाजारात आलं. त्या आचाऱ्याची युक्ती अस्सल होती, कारण ती त्याच्या स्वतःच्या हातची आणि त्याच दिवसाची होती. खोक्यात भरताना ती बराच काळ टिकावी म्हणून चरबी बदलावी लागली. आज हॉटेलांना माल पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या याद्यांमध्ये फक्त पाणी घालायचं पॅनकेकचं पीठ असतं, गोठवलेली बिस्किटं असतात, खोक्यांत भरलेली फोडलेली अंडी असतात, सॉसची पूड असते, इतकंच काय, आधीच शिजवून गोठवलेली पोच केलेली अंडीही असतात. एका शहरातल्या दहा वेगवेगळ्या पाट्यांखाली एकाच गोदामातली न्याहारी मिळू शकते. चव वाईटच असते असं नाही. ती सगळीकडे तीच असते.

क्लिंटन स्ट्रीटच्या पॅनकेकमध्ये अंड्याचा पांढरा भाग वेगळा काढून फेसतात आणि शेवटी हलक्या हाताने पिठात मिसळतात. फेसातले हवेचे बुडबुडे तव्यावर फुगतात आणि पॅनकेक उंच होतो. हा फेस फार काळ टिकत नाही, म्हणून पीठ थोडं थोडं करावं लागतं. पाकिटात हे बसवता येत नाही, बुडबुडे कोरडे करून विकता येत नाहीत. एरवीच्या ताकाच्या पॅनकेकमध्येही एक बारकावा आहे. पीठ घोटून गुळगुळीत करायचं नसतं, गुठळ्या तशाच ठेवायच्या. घोटलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि पॅनकेक चिवट होतो. नवशिक्या मदतनिसाला शिकवायला सर्वांत अवघड गोष्ट ही असते, कारण त्याच्या घरी सगळ्यांनी त्याला उलटंच शिकवलेलं असतं.

वर ओतायच्या पाकाचीही हीच कथा. खरा मेपलचा पाक म्हणजे झाडाचा रस आटवलेला. हिवाळा सरताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब अशा काही आठवड्यांतच तो रस वाहतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के. ती सहासष्ट टक्क्यांवर आणायला साधारण चाळीस लिटर रस आटवून एक लिटर पाक मिळतो. व्हरमाँट आणि कॅनडातलं क्वेबेक हे त्याचे मुख्य मुलूख. टेबलावर प्लास्टिकच्या बाटलीतून मिळतो तो बहुतेक वेळा मक्याचा पाक, रंग आणि वास घातलेला. पुष्कळ प्रामाणिक जागा खऱ्या पाकाचे वेगळे पैसे लावतात. लोक कुरकुरतात, पण चाळीसाला एक हा हिशेब माहीत असला की कुरकुर थांबावी.

आता अंडं. ब्रंचच्या यादीत मानाचं पान ‘एग्ज बेनेडिक्ट’ला असतं. अर्धा मफिन, त्यावर डुकराच्या खारवलेल्या मांसाचा काप, त्यावर पोच केलेलं अंडं आणि वरून हॉलंडेज सॉस. त्याच्या जन्माबद्दल दोन दावे आहेत. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात १८९४ साली लेम्युएल बेनेडिक्ट या शेअर दलालाने रात्रीची झिंग उतरवायला असं काहीसं मागवलं, ही एक कथा. त्याच शहरातल्या डेल्मोनिकोज या उपाहारगृहाचे मुख्य आचारी चार्ल्स रॅनहोफर यांच्या १८९४च्याच जाडजूड पाककृतिग्रंथात जवळपास हाच पदार्थ सापडतो, ही दुसरी. मला ग्रंथाचा पुरावा वजनदार वाटतो. लोकांना झिंगलेला दलाल आवडतो.

पोच करणं म्हणजे कवच फोडून अंडं थेट गरम पाण्यात सोडणं. इथे ताजेपणा लपवता येत नाही. अंड्याच्या पांढऱ्या भागात घट्ट आणि पातळ असे दोन थर असतात. अंडं जुनं होत जातं तसा कवचाच्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि घट्ट थर सैल पडून पातळ होतो. असं अंडं पाण्यात सोडलं की चिंध्या तरंगतात. अन्नविज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅगी यांनी एक साधी युक्ती लोकप्रिय केली. अंडं आधी भोकांच्या डावात घ्यायचं, पातळ भाग गळून जाऊ द्यायचा आणि मगच पाण्यात सोडायचं. पाणी उकळतं नको, उकळीच्या जरा खाली हवं. चमचाभर व्हिनेगर घातलं तर पांढरा भाग लवकर आवळतो. पांढरा भाग साठ अंशांच्या थोडं वर आळायला लागतो, बलक पासष्टच्या आसपास दाट होतो आणि सत्तरला पूर्ण बसतो. बाहेरून घट्ट आणि आतून वाहतं अंडं या पाच-सात अंशांच्या फटीत बनतं.

समजा तीस खुर्च्या आहेत आणि सकाळी दहा ते तीन या वेळात प्रत्येक खुर्ची पाचदा भरली. दीडशे माणसं झाली. निम्म्यांनी दोन-दोन पोच अंडी मागवली तर दीडशे अंडी. ऐन वेळी हे झेपणार नाही, म्हणून बहुतेक चांगली स्वयंपाकघरं सकाळीच अंडी पोच करून बर्फाच्या पाण्यात थांबवतात आणि मागणी आली की मिनिटभर गरम पाण्यात बुडवून वाढतात. यात लबाडी नाही. काय आधी करायचं आणि काय ताटलीबरोबरच करायचं, ही वाटणी नीट करणं हेच अशा जागेचं अर्धं कसब आहे. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळ १९४०पासून चालत आलेल्या कॅफे मद्रासमध्ये रविवारी रांगेत उभ्या राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तांदूळ-डाळ आदल्या दिवशी भिजली नसती आणि पीठ रात्रभर आंबलं नसतं, तर सकाळच्या डोशाला कितीही गरम तवा काही करू शकला नसता.

हॉलंडेजची मात्र अशी आगाऊ तयारी होत नाही. अंड्याचा बलक, लिंबाचा रस आणि वितळलेलं लोणी, बस. तीन बलकांत पाव किलोच्या आसपास लोणी मावतं. लोणी आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, पण बलकातलं लेसिथिन लोण्याच्या सूक्ष्म थेंबांभोवती आवरण धरतं आणि त्यांना परत एकत्र येऊ देत नाही. सतत फेटत, धारेने लोणी सोडत हे जमवावं लागतं. आच जास्त झाली तर बलकाचा भुर्जीसारखा चुरा होतो, कमी झाली तर लोणी गोठतं. फुटलेला सॉस चमचाभर पाण्यात किंवा ताज्या बलकात थोडा थोडा फेटत परत जोडता येतो, आणि हे शिकलेला माणूस सकाळच्या गर्दीत सोन्यासारखा असतो.

खरी पंचाईत पुढे आहे. हा सॉस कोमट ठेवावा लागतो आणि अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांत पाच ते सत्तावन्न अंशांमधला पट्टा जंतूंच्या वाढीचा म्हणून धोक्याचा मानला आहे. सॉस त्या पट्ट्याच्या वरच्या काठावरच राहू शकतो, फार वर गेला तर फुटतो. म्हणून तो दर दोन तासांनी फेकून नवा करायचा ही शिस्त पाळावी लागते. दिवसाला तीन-चारदा कुणीतरी पुन्हा सगळं फेटायला घ्यायचं. सॉसच्या पुडीची खरी ताकद इथे आहे. ती चवीवर जिंकत नाही, या कंटाळ्यावर जिंकते.

अँथनी बोर्डेन यांनी २००० साली आलेल्या ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ या पुस्तकात ब्रंचवर जी झोड उठवली ती यामुळेच. न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरांत हयात घालवलेला हा माणूस सांगत होता की शुक्रवार-शनिवारच्या रात्री खपलेले चांगले आचारी रविवारी सुटीवर असतात, ब्रंच नवख्यांच्या किंवा शिक्षा झालेल्यांच्या गळ्यात पडतं, आठवड्याचं उरलंसुरलं त्यात खपवलं जातं आणि तासन्‌तास कोमट राहिलेल्या हॉलंडेजपासून दूर राहावं. रात्रीच्या जेवणावर जगणाऱ्या आणि ब्रंच हा जोडधंदा मानणाऱ्या जागांबद्दल त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण ज्या जागेचं नावच ब्रंचवर आहे तिथे सर्वांत चांगला आचारी रविवारी सकाळीच उभा असतो. न्यूयॉर्कच्याच ईस्ट व्हिलेजमध्ये गॅब्रिएल हॅमिल्टन यांनी १९९९ साली उघडलेलं ‘प्रून’ हे तीसेक खुर्च्यांचं उपाहारगृह ब्रंचसाठी असंच गाजलं. हॅमिल्टन यांना २०१८ साली जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा देशातल्या उत्कृष्ट आचाऱ्याचा पुरस्कार मिळाला. तरीही मार्च २०२०मध्ये महासाथीमुळे प्रूनला टाळं लागल्यानंतर त्यांनी लिहिलेल्या दीर्घ लेखात ब्रंचबद्दलचा वैताग लपत नाही. प्रत्येक पॅनकेकचा आधी फोटो, मग घास, हे पाहून त्यांचा जीव थकला होता. अन्न गरम असण्याची किमया काही मिनिटांची असते, आणि ती मिनिटं गिऱ्हाईकच घालवतं याचं दुःख ते अन्न बनवणाऱ्यालाच कळतं.

मग अशा जागा टिकतात कशा? अंडी, पीठ, बटाटे, ताक हा माल रात्रीच्या मांसमच्छीच्या मानाने स्वस्त. त्यात ब्लडी मेरी किंवा मिमोसासारखी मद्याची पेयं कमाईचा मोठा भाग उचलतात. न्यूयॉर्क राज्यात रविवारी दुपारी बारापर्यंत उपाहारगृहात मद्य देता येत नसे. २०१६ साली हा अनेक दशकं जुना नियम बदलून वेळ सकाळी दहावर आणली गेली आणि लोकांनी त्या कायद्याला सरळ ‘ब्रंच बिल’च म्हटलं. पण स्वस्त मालावरचा हा हिशेब नाजूक आहे, हे बर्ड फ्लूच्या साथीने दाखवलं. कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या आणि मार्च २०२५मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांची सरासरी किरकोळ किंमत ६.२३ डॉलरवर गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘वॉफल हाउस’ या मोठ्या साखळीने प्रत्येक अंड्यामागे पन्नास सेंट अधिभार लावला. साखळीला निदान घाऊक सौदे करता येतात. कोपऱ्यावरच्या जागेला ते बळ नाही, आणि अंड्याशिवाय ब्रंच होत नाही.

मालापेक्षा मोठा खर्च माणसांचा. बिस्किटाचं लोणी चुरायला, अंडी गाळून पोच करायला, दर दोन तासांनी सॉस फेटायला हात लागतात, आणि ते पहाटे पाचला हजर असावे लागतात. न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरांत हे हात पुष्कळदा मेक्सिकोच्या पुएब्ला प्रांतातून आलेल्यांचे असतात. बोर्डेन यांनीही याच लोकांचं कौतुक वारंवार केलं होतं. अमेरिकेत गिऱ्हाईक बिलावर बक्षिसी ठेवतं ती परंपरेने वाढप्याकडे जाते, चुलीपाशी उभ्या असलेल्याला तिच्यातला वाटा मिळत नसे. २०१८मध्ये केंद्रीय कायदा बदलला. जिथे सर्वांना पूर्ण किमान वेतन मिळतं तिथे ही बक्षिसी आतल्या आचाऱ्यांमध्येही वाटायला मुभा मिळाली, पण राज्यांचे नियम वेगवेगळे असल्याने ती सगळीकडे लागू पडत नाही. काही ठिकाणी म्हणून बिलाच्या तळाशी स्वयंपाकघरासाठी काही टक्क्यांची वेगळी ओळ असते.

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या आपल्या आई-वडिलांना रविवारी अशा जागी नेण्याची पद्धत आता मराठी घरांतही रुळली आहे. तिथे पाटीवरचं वाक्य खरं की खोटं हे ओळखायला यादी आधी पाहावी. पहिल्यापासून बनवणाऱ्या जागेची यादी छोटी असते, चाळीस पदार्थ रोज ताजे बनवणं तीन चुलींच्या स्वयंपाकघराला अशक्य आहे. दीडच्या सुमाराला ‘बिस्किटं संपली’ असं उत्तर मिळालं तर ती चांगली खूण समजावी, गोठवलेली बिस्किटं कधी संपत नाहीत. हॉलंडेज शेवटचा कधी केला हे वाढप्याला विचारायला संकोच करू नये. जिथे तो खरंच फेटला जातो तिथे उत्तर लगेच मिळतं. आणि बिलावर ती स्वयंपाकघराची ओळ दिसली तर ती खोडायला सांगू नये. ते पैसे कुणाकडे जातात एवढं विचारावं, आणि आतल्यांकडे जात असतील तर आनंदाने द्यावेत.